आईने खाल्लेली टेकडी

पंचवीस तारखेला आईची पेन्शन जमा होई आणि त्या दिवशी आम्ही दोघी बाहेर जेवत असू. गुनसान बंदराच्या मागच्या गल्लीत सोया सॉसमध्ये मुरवलेले खेकडे देणारं हॉटेल आहे. तिथलं खिडकीजवळचं टेबल आमचंच होतं. पण त्या पंचवीस तारखेला आई दारातच थांबली.

"आज खेकडे नकोत. समोर सूप-भात खाऊ, मोड आलेल्या सोयाबीनचा."

"पोट बरं नाही का?"

"माझ्या पोटाला काय होतंय? अख्खी टेकडी पचवलीय मी."

हा आमच्या घरातला विनोद होता. पेन्शनच्या पैशातून जे काही घेऊ ते टेकडीच्या एकेका भागाच्या नावाने घ्यायचं. आईची कवळी झाली तेव्हा आम्ही पाइनची झाडं खाल्ली. गरम पाण्याच्या झऱ्यांना गेलो तेव्हा पायवाट खाल्ली. माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनमध्ये उत्तरेचा सगळा उतार गेला. जन्मभर सुकी मासळी विकलेली, पिशवीसुद्धा धुऊन वाळत घालणारी ही बाई सत्तरीनंतर टॅक्सीने हिंडायला शिकली, ती त्या टेकडीमुळे.

सूप आलं. आईने त्यात अंडं फोडलं आणि विचारलं, "आता काय उरलं गं?"

"एकच. बाबांची जागा."

आई थोडा वेळ चमचा फिरवत राहिली. "ती नको खायला. ती राहू दे. या महिन्याचे तसेच ठेव बँकेत."

"का?"

"का काय? एखादा घास ताटात ठेवावा माणसाने." मग माझ्या वाटीत स्वतःचा मुळा टाकून म्हणाली, "तू खा नीट. पुस्तकं वाचून वाचून नुसती मान उरलीय तुझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बंदरावर फिरायला निघाली. रोज निघे. मी चहा ठेवला होता. बराच वेळ दार वाजलं नाही म्हणून बाहेर डोकावले, तर आई पायरीवर बसलेली होती. एक बूट पायात, दुसरा हातात, आणि डोकं भिंतीला टेकलेलं.

ही टेकडी कोणाची होती आणि ती खायची वेळ का आली, ते सांगायला हवं.

बाबा गेल्यावर आईने दुकान विकलं आणि आलेली सगळी रक्कम प्यो बाईंच्या हाती दिली. प्यो बाई मासळीबाजारातल्या विमेवाल्या. प्रत्येक गाळ्यावर बसून कॉफी प्यायच्या, कोणाच्या घरी लग्न, कोणाकडे बाळंतपण हे लक्षात ठेवायचं, आणि निघता निघता विमा विकायचा, अशी त्यांची रीत. त्यांनी आईपुढे दोन बोटं धरली.

"वहिनी, पेन्शनच्या विम्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत मुद्दल जागच्या जागी राहतं. तुम्ही दरमहा नुसतं व्याज खायचं, आणि तुमच्यामागे मुद्दल, ज्याचं नाव लिहाल त्याला. दुसरीत महिन्याला जास्त येतं, मरेपर्यंत येतं, पण व्याजाबरोबर मुद्दलही थोडं थोडं तुमच्या पोटात जातं. तुम्ही गेलात की मागे काही नाही."

आईने अर्थातच पहिली तऱ्हा घेतली. मुद्दलाला हात लावणं तिला चोरीसारखं वाटे. आणि पुढे नाव लिहिलं चांगगिलदादाचं. चांगगिलदादा माझ्या थोरल्या काकांचा मुलगा, ग्वाक घराण्यातला थोरला नातू. आईला मुलगा नाही, मी लग्न केलेलं नाही. तेव्हा बाबांचं आणि पुढे आईचं श्राद्ध त्याने घालावं आणि मुद्दल त्याने घ्यावं, असं घराण्याच्या बैठकीत ठरलं. मी तिथेच पेअर सोलत बसले होते. मला कोणी विचारलं नाही. मीही काही म्हटलं नाही. "मुलंबाळं काय तुम्हाला?" असं कोणी विचारलं की आई स्वतःच म्हणायची, "नाही हो. एक मुलगी आहे तेवढी." ते ऐकतच मी मोठी झाले होते.

पुढे एकदा अधिक महिना आला. अधिक महिन्यात देवांचं लक्ष नसतं म्हणतात. त्यामुळे थडगं हलवणं, जिवंतपणीच स्वतःचं कफन शिवून घेणं, अशी कामं लोक त्या महिन्यात उरकतात. आईनेही कफन शिवायला टाकलं होतं. ते घेऊन आम्ही घरी आलो आणि दादाचा फोन आला. आईने स्पीकर लावला.

"काकू, एक सांगायचं होतं. टेकडी विकली आपली. गोदाम बांधणारे थांबायला तयार नव्हते."

टेकडी घराण्याची, कागदावर थोरल्या घराची. बाबा तिथे पाइनच्या झाडांखाली पुरलेले.

"आणि तुझे काका?" आईने विचारलं.

"काढलं त्यांना. नीट दहन केलं, शहराच्या अस्थिगृहात ठेवलं. अधिक महिना आहे, काकू, दोष लागत नाही. म्हणून तर घाई केली. तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून आधी बोललो नाही."

"बरं केलंस, बाळा," आई म्हणाली.

फोन ठेवून तिने कफनाची घडी मोडली आणि पुन्हा घातली, मग पुन्हा मोडली. दुसऱ्या दिवशी आम्ही बाबांना बघायला गेलो. सगळ्यात खालच्या रांगेतला कप्पा होता, तिथला स्वस्तातला. जमिनीवर गुडघे टेकल्याशिवाय नाव दिसत नव्हतं. आईने गुडघे टेकले, नाव वाचलं, उठली आणि तिथून थेट प्यो बाईंकडे गेली.

"मोडायचा."

"काय?"

"तो विमा. मोडायचा आणि दुसऱ्या तऱ्हेचा घ्यायचा. खायचं मुद्दल. त्याने टेकडी खाल्ली, आता मी खाते."

प्यो बाईंनी कॉफी खाली ठेवली. "वहिनी, राग समजतो मला. मग नाव बदला ना. लेकीचं, मिरानचं लिहा. मुद्दल का घालवता?"

"हिच्या नावाने मुद्दल ठेवलं की उद्या अख्खं ग्वाक घराणं हिच्या उंबऱ्यावर बसेल. 'घराण्याचा पैसा, घराण्याचा पैसा.' कोर्टात खेचतील. ही मारामारी करणार आहे का? ही त्यांना पुस्तक वाचून दाखवेल." आई माझ्याकडे बघत नव्हती. "पोटात गेलेल्यावर कोण दावा लावतो ते बघते मी."

"पण दहा वर्षांची हमी असते त्यात. आधी गेलात तर उरलेले हप्ते वारसाला जातात. म्हणजे काही ना काही मागे राहीलच."

"मग मला दहा वर्षं जगावं लागेल."

"ते काय आपल्या हातात असतं?"

"माझ्या आहे," आई म्हणाली. "आणि चांगगिलला यातलं काही कळायला नको."

"मी विमा विकते, वहिनी. बातम्या नाही विकत."

आणि आई जगली. चिडून जगली. साखरेची कॉफी सोडली, रोज बंदरावर चालायला लागली, दाक्तर सांगेल ते निमूट गिळू लागली. दर सणाला चांगगिलदादा मोठ्या गाडीतून पेअरची पेटी, गोमांसाची पेटी, जिनसेंगचा अर्क घेऊन येई आणि जमिनीला कपाळ लावून नमस्कार करी.

"काकू, तब्येत जपा. मुद्दल सुखरूप ना?"

"जिथे असायला हवं तिथेच आहे, बाळा," असं म्हणून आई पोटावरून हात फिरवी. तो गेल्यावर ती जिनसेंगची बाटली उघडून दोन चमचे घेई आणि तोंड वाकडं करून म्हणे, "कडू आहे मेलं. पण त्याच्याच पैशाने त्याला थांबवायचं म्हणजे गोड मानून घ्यायला हवं."

दहा वर्षांची हमी संपली त्या दिवशी आम्ही अबालोनी, म्हणजे बाजारातल्या सगळ्यात महाग शिंपल्या, खाल्ल्या. आईने मला तेव्हा सगळं नीट समजावून सांगितलं. "मी गेले की त्यालाच पुढे होऊ दे. तीन दिवस वाकू दे, रडू दे, खर्च करू दे. अंत्यविधीच्या हॉलच्या बिलावर सही त्याची. माझी राख कप्प्यात गेली की मग सांग त्याला. दारातच सांग, म्हणजे घरी जाताना गाडीत विचार करायला वेळ मिळेल."

बाबांशेजारचा तळाचा कप्पा तिने आधीच घेऊन ठेवला होता. मी हो म्हणाले. मलाही ते हवं होतं. कपड्यावर शिंतोडे उडू न देता कोणाला तरी चिखलात ढकलायचं, असं काहीतरी मला नेहमीच हवं होतं.

त्या सकाळी पायरीवरून आईला इस्पितळाच्या तळघरातल्या अंत्यविधीच्या हॉलमध्ये नेलं. विधीत सगळ्यांच्या पुढे राहणारा मुख्य माणूस म्हणजे सांगजू. तिथल्या माणसाने वही उघडून विचारलं, "सांगजू कोण? मुलगा?"

"मुलगा नाही," मी म्हणाले.

"जावई?"

"नाही."

"मग पुतण्या तरी असेल ना कोणी?"

तोवर चांगगिलदादा जिना उतरत होता. त्याने कोट काढला, त्या माणसाने त्याच्या दंडावर दोन काळ्या रेघांची पट्टी बांधली, आणि माझ्या हातात केसांना लावायची पांढरी फीत दिली. फोटोच्या बाजूला पहिला दादा. त्याच्यानंतर त्याचा मुलगा. मी भिंतीकडे.

"सगळ्यात मोठी सजावट करा," दादाने सांगितलं. "शेवंती भरपूर. आणि मुरवलेला स्केट मासा पाहिजे, आयात केलेला नको, आपला. काकूंनी मासळीत आयुष्य काढलं, लोक नावं ठेवतील."

"महाग पडेल, साहेब."

"पडू दे हो. मुद्दलातून वळतं करू."

पहिला दिवस मला आवडला, हे मी लपवणार नाही. लोक येत, फोटोपुढे वाकत, मग दादाशी समोरासमोर वाकत, आणि दरवेळी दादाचे गुडघे कुरकुरत. संध्याकाळपर्यंत तो भिंतीला हात लावून उठायला लागला. मी सूप वाढत होते आणि मनात आईला सांगत होते: बघ, अजून एकदा वाकला. स्केट संपला, त्याने अजून मागवला. फुलांच्या मोठ्या चक्रांना जागा पुरेना. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि पोटात आनंद होता, आणि दोन्ही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी आईला कफन घातलं. तेच, अधिक महिन्यातलं. आम्ही काहीजण काचेच्या दाराआत उभे होतो. चेहरा झाकण्याआधी तिथल्या बाईंनी हलक्या आवाजात म्हटलं, "सांगजू, शेवटचं काय सांगायचं ते सांगा."

दादा पुढे झाला. "काकू, शांतपणे जा. इकडचं सगळं मी बघतो."

बाईंनी कापड ओढलं. मी एक पाऊल पुढे टाकलं होतं, ते तसंच मागे घेतलं. मला कोणी अडवलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं, इतकंच.

त्या दुपारी बाजारातल्या म्हाताऱ्या आल्या. एकीने दादाचा हात हातात घेतला. "पोटच्या मुलासारखं केलंस रे बाबा. बिचारीला मूल नव्हतं, पण काही कमी पडलं नाही."

मी तिच्यापुढे सूपाचा वाडगा ठेवला. तिने "थँक्यू हं पोरी" म्हटलं आणि चमचा उचलला.

प्यो बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. दादा त्यांच्याजवळ जाऊन टेकला. "बाई, आता कामाचं बोलू नये, पण कागदपत्रांना साधारण किती वेळ लागतो? मुद्दल हाती यायला?"

प्यो बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान किंचित हलवली.

"पहिलं वहिनींना पोचवू द्या," त्या म्हणाल्या. "मग तुम्हाला सगळं कळेलच."

"हो हो, अर्थात. ती माझ्या आईसारखीच होती."

"आईसारखी," प्यो बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्केटचा मोठा तुकडा तोंडात घातला.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. शववाहिनी दारात लागली होती. हॉलचा माणूस ट्रेमध्ये बिल घेऊन आला, आणि दुसऱ्या हातात चौकटीतला, काळी रिबीन लावलेला आईचा फोटो. फोटो धरणारा सगळ्यांत पुढे चालतो. त्याच्या मागे पेटी, पेटीमागे बाकीचे.

"सांगजू, इथे सही. आणि फोटो कोण धरणार?"

"मीच," दादा म्हणाला. त्याने उजव्या हातात पेन घेतलं आणि डावा हात फोटोकडे नेला.

मला फक्त गप्प बसायचं होतं. तो सही करणार, आम्ही जाणार, राख कप्प्यात जाणार, आणि अस्थिगृहाच्या दारात मी आईचं वाक्य बोलणार. इतकी वर्षं ती त्या एका वाक्यासाठी चालली होती. सहीआधी बोलले तर बिल माझ्या गळ्यात, आणि आईचा अर्धा सूड वाया. नाही बोलले तर सूड पुरा होणार होता, आणि आईच्या पुढे तो चालणार होता. फोटोत ती हसत होती. खेकड्यांच्या हॉटेलात काढलेला फोटो. ओठाच्या कडेला लागलेला सॉस स्टुडिओवाल्याने पुसून टाकला होता. मला एकदम त्याचाच राग आला.

"पेन ठेव, दादा."

"काय?"

"सही करू नकोस. मुद्दल नाहीये."

"नाहीये म्हणजे? माझं नाव आहे त्यावर. मी स्वतः बघितलंय."

"ते टेकडीच्या आधीचं. तू बाबांना उकरून काढलंस, त्या आठवड्यात तिने तो विमा मोडला. दुसरा घेतला, मुद्दल संपवणारा. मग बारा वर्षं आम्ही दोघींनी बसून खाल्लं. तिची कवळी खाल्ली, माझे डोळे खाल्ले, झऱ्यांवरच्या आंघोळी खाल्ल्या. हमीची मुदत संपावी म्हणून ती तुझं जिनसेंग प्यायची, दादा. रोज दोन चमचे. तिच्या आयुष्यातली निदान दोन वर्षं तू आणलेली आहेस."

दादा प्यो बाईंकडे वळला. "बाई?"

प्यो बाई चप्पल घालत होत्या. "या पंचवीस तारखेला शेवटचा हप्ता झाला," त्या म्हणाल्या. "आता काही शिल्लक नाही. हमीसुद्धा नाही. वहिनी जिद्दी होत्या."

दादाचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. "आणि तू तीन दिवस बघत बसलीस? मला वाकवत राहिलीस?"

"हो."

"लाज नाही वाटली?"

"तुझ्या अधिक महिन्यासारखं समज," मी म्हणाले. "दोष लागत नाही."

त्याने दंडावरची पट्टी ओरबाडून काढली आणि बिलावर फेकली. "मग भर हे तूच. आणि ने तुझ्या आईला."

"भरते. लोकांनी दिलेल्या पाकिटांतून येईल ते येईल, उरलेल्याला बँकेत बाबांची जागा आहे. ती आम्ही नाही खाल्ली."

त्याला ते कळलं नाही. तो मुलाला हाक मारत जिना चढून गेला. मोठ्या गाडीचं दार आपटल्याचं खालपर्यंत ऐकू आलं. आईला हे दारातलं दृश्य हवं होतं, अस्थिगृहाच्या. ती माझ्यावर चिडली असती. चार दिवस बोलली नसती.

मी पट्टी उचलली. पुरुषाच्या दंडाच्या मापाची. माझ्या हातावरून घसरत कोपरापर्यंत आली. प्यो बाईंनी केसांतली पिन काढून ती मागे टोचली.

हॉलचा माणूस ट्रे धरून तसाच उभा होता. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त आपल्या वहीत काहीतरी लिहायचं होतं.

"बाई, असं सहसा करत नाहीत," तो अवघडून म्हणाला. "म्हणजे, सांगजूच्या जागी मी आता काय लिहू? मला सांगितलं होतं की वारलेल्या बाईंना मूल नाही."

बाजारातल्या म्हाताऱ्या जिन्याजवळ थांबल्या होत्या. आई चौकटीतून माझ्याकडे बघत होती. मी फोटो दोन्ही हातांत घेतला आणि छातीशी नीट धरला.

"आहे," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "आईला मूल आहे. मी आहे."